पासावर एकच मूल

"आ कर," हवालदार म्हणाला.

मी तोंड उघडलं.

"आनखी. घसा दिसू दे."

आणखी उघडलं. त्यानं दोन बोटं माझ्या तोंडात घातली. बोटांना तंबाखू होती, चुना होता. जीभ एका अंगाला सारली, मग दुसऱ्या अंगाला. जिभेखाली चाचपलं. दाढांच्या मागून बोट फिरवलं. चुना गालाच्या आतल्या कातडीला झोंबला. मला ओकारी आली.

"वकायचं न्हाय हां. वकलीस तर तुझ्याच पदरानं पुसून घीन."

मी ओकारी गिळली.

होटगीचं स्टेशन. भर दुपार. माझ्या कडेवर माझी तान्ही पारू. शेजारी माझा बाप, आप्पा, जमिनीवर उकिडवा बसलेला, दोन्ही हात डोक्यावर. त्याला तसं बस असं कुणी सांगितलं नव्हतं. खाकी कपडा दिसला की आप्पा आपोआप तसा बसायचा.

सोलापूरहून आम्हाला घेऊन आलेली मोठी गाडी अजून उभी होती. विजापूरकडं जाणारी छोटी गाडी पलीकडच्या फलाटाला लागली होती. माणसं ह्या गाडीतून उतरत होती, त्या गाडीत चढत होती. ट्रंका, गाठोडी, पाण्याचे तांबे, पोरंबाळं. कुणाला कुणी अडवत नव्हतं. मधे लिंबाच्या झाडाखाली एक टेबल होतं. ते फक्त आमच्यासाठी. पासवाल्यांसाठी.

माझ्या जातीचं नाव मी इथं सांगत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. नाव सांगितलं की अजून लोक आपल्या खिशाला हात लावतात, ते मला बघवत नाही. सरकारनं कायदा करून आमची सबंध जात चोर ठरवली होती. चोरी केली म्हणून नव्हे. जन्मलो म्हणून. सोलापुरात वस्तीच्या कडेला तारेचं कुंपण घातलं होतं, त्याच्या आत आम्हाला ठेवलं होतं. त्याला सेटलमेंट म्हणायचे. मी तारेच्या आत जन्मले. तारेच्या आत माझं लग्न झालं. दिवसा गिरणीत जायचो, भोंगा झाला की परत आत. सकाळी हजेरी, सांजेला हजेरी. बाहेरगावी जायचं तर म्यानेजरसाहेबाचा पास पाहिजे. जिथं गाडी बदलायची तिथं उतरून पोलिसापुढं उभं राहायचं, पास दाखवायचा, झडती द्यायची, शिक्का घ्यायचा. मग दुसरी गाडी. शिक्का नसला तर पुढच्या स्टेशनावर धरायचे.

आणि तोंड. आमच्या लोकांच्या घशात कातडीची पिशवी असते, तिच्यात आम्ही सोनं लपवतो, असं कुठल्याशा साहेबानं पुस्तकात लिहिलं होतं म्हणे. माझ्या बापजाद्यांनी डोळ्यांनी सोनं बघितलं नव्हतं. पण पुस्तकात आलं. म्हणून आमची तोंडं उघडायची.

मला आधी दुसरं सांगायला पाहिजे. मी कशाला निघाले होते ते.

माझी थोरली बहीण शेवंता. तिला विजापूरच्या सेटलमेंटात दिली होती. एका तारेतून दुसऱ्या तारेत. ती बाळंत झाली, पोरगी झाली, आणि तिला ताप भरला. दूध उतरेना. तिच्या नवऱ्यानं निरोप धाडला. इकडच्या म्यानेजरानं आप्पाला हपिसात बोलावून सांगितलं, की तुझी लेक आजारी आहे, पोर उपाशी आहे.

मला दूध होतं. पारू पिऊन झोपली तरी चोळी भिजत राहायची. मी आप्पाला म्हणाले, "मी जाते. दोघींना पाजीन."

म्यानेजरानं पास दिला. एक म्हातारा, एक बाई, एक तान्हं मूल. माझ्या नवऱ्याला दिला नाही. घरातलं एक माणूस मागं ठेवायचंच, अशी त्यांची रीत. म्हणजे बाकीचे परत येतात. दाव्याला वासरू बांधलं की गाय कुठं जाते?

निघताना आप्पानं मला बजावलं. "गाडीत आपली बोली बोलायची न्हाय. पारूशीबी न्हाय." आमची घरातली बोली वेगळी. ती कानावर पडली की लोक आपली गाठोडी जवळ ओढतात. म्हणून मी माझ्या पोरीला गाडीत मराठीत झोपवायचं, असं ठरलं.

मी बायकांच्या डब्यात बसले. आप्पा शेजारच्या डब्यात. माझ्यासमोर एका व्यापाऱ्याची बायको होती. इरकली लुगडं, हातभर बांगड्या, मांडीवर वर्षभराचा मुलगा, त्याच्या पायात चांदीचे वाळे. तीपण छोट्या गाडीनं पुढं जाणार होती, माहेरी. तिचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. पारू रडायला लागली तसा तिनं हात पुढं केला.

"आण की इकडं. किती गोड हाय ग. नाव काय?"

"पारू."

"पार्वती! बंगारा हाय माझा." तिनं पारूला मांडीवर घेतलं, छातीशी धरलं, पाठीवरून हात फिरवला. पारू गप झाली. "तू काय खाल्लंस का न्हाय? अंगावर पाजतीस, उपाशी बसू नये तंगी."

बंगारा म्हणजे कानडीत सोनं, तंगी म्हणजे धाकटी बहीण. तिनं मला भाकरीबरोबर शेंगाची चटणी दिली. मी घेतली. मला भीती वाटत होती की तिला कळेल. आणि त्याहून जास्त वाटत होतं, की कळू नये, हे गाडीतलं असंच राहावं, होटगी कधी येऊच नये. तारेबाहेरच्या बाईनं मला बहीण म्हटलेलं ते पहिल्यांदा.

होटगी आली. आम्ही दोघी एकदमच उतरलो. पारू अजून तिच्याच कडेवर होती, तिचा मुलगा शेजारच्या डब्यातून आलेल्या तिच्या गड्याकडं. तेवढ्यात फलाटावरनं हाळी आली.

"पासवाले! पासवाले टेबलाला या!"

आप्पा त्याच्या डब्यातून उतरून सरळ टेबलाकडं गेला. मी जागच्या जागी उभी. पाय उचलेना. आप्पानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. हवालदारानं आप्पाच्या नजरेमागं बघितलं.

"ए, तूबी हाईस न्हवं ह्याच्यासंगं? ये हिकडं."

ती बाई माझ्याकडं बघत राहिली. मग आप्पाकडं. मग तिनं पारूला माझ्याकडं दिलं. दिलं म्हणजे टाकलंच. लगेच गड्याकडून आपला मुलगा ओढून घेतला, खाली वाकली, त्याच्या पायातले वाळे चाचपले. दोन्ही होते. गळ्यातलं चाचपलं. कमरेची पिशवी चाचपली.

"अय्यो शिवा," ती म्हणाली. "माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती की हो."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्याच्यावर. भीती होती. ती मला भ्याली होती. मी सकाळपासून सगळ्यांना भीत होते, आणि मला भिणारंही कुणी असेल हे मला ठाऊक नव्हतं.

"काय गेलं का तुमचं?" हवालदारानं तिला विचारलं.

"गेलं न्हाय. पण बघा की जरा नीट. मी भाकरी दिली तिला. पिशवी उघडीच होती."

म्हणून नीट बघणं झालं.

गाठोडं सोडलं. शेवंतासाठी घेतलेला डिंक, खोबरं, पारूची दुपटी, सगळं मातीत पसरलं. काठीच्या टोकानं एक एक उलटवलं. मग म्हणाला, केस सोड. सोडले. ओटी झाड. झाडली. फिर. फिरले. छोट्या गाडीत चढायला निघालेले लोक उभे राहून बघत होते. एकानं पोराला खांद्यावर घेतलं, नीट दिसावं म्हणून. मग तोंड. ते मी वर सांगितलं.

मी सगळं केलं. तो म्हणाला ते ते केलं. डोक्यात एकच. शेवंता. छोटी गाडी. लवकर कर म्हणजे गाडी मिळंल. गप राहा म्हणजे सोडंल. लहानपणापासून आप्पानं हेच शिकवलं होतं. सांगतील ते करायचं म्हणजे सोडतात.

मग तो पारूकडं वळला.

"हिचंबी बघू."

"सायेब, तान्ही हाय वो," मी म्हणाले.

"तान्ह्याच्या तोंडात घालूनच न्हेता तुमी."

आप्पा खालून म्हणाला, "बघू दे की ग. गाडी जाईल."

हवालदारानं तेच बोट, माझ्या थुंकीनं ओलं, पारूच्या तोंडात घातलं. पारू रडली नाही. भुकेली होती. तिनं ते बोट चोखायला सुरुवात केली. डोळे मिटून. चूक चूक आवाज करत.

हवालदार हसला. "बघा, कशी चोखती. पोलिसाचं बोट हाय ग बये, दूध न्हाय त्यात." आजूबाजूची माणसं हसली. आप्पाही हसला. हवालदार हसला म्हणून.

माझी मांडी ओली झाली होती. मला वाटलं पारू मुतली. पारू नव्हती. मी होते.

छोट्या गाडीनं शिट्टी दिली.

"सायेब, शिक्का," आप्पा म्हणाला.

हवालदारानं पास उचलला, वाचला, परत ठेवला. डबीतनं तंबाखू काढली, मळली. गाडी हलली. एक एक डबा आमच्यापुढनं गेला. बायकांच्या डब्याच्या खिडकीत ती व्यापाऱ्याची बायको होती, मुलाला घट्ट धरून. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. गाडी गेल्यावर हवालदारानं शिक्का मारला.

"उद्याच्या गाडीनं जा," तो म्हणाला.

मी पारूला घेऊन फलाटाच्या कडेला बसले. भीती होती तशीच होती. पण तिच्याखाली काहीतरी हललं. मी केस सोडले, ओटी झाडली, तोंड उघडलं, लेकीचं तोंड उघडू दिलं. आणि गाडी गेली. एकाही गोष्टीला मी नाही म्हटलं नव्हतं. तरी गाडी गेली. मग मी हे सगळं कशासाठी केलं?

आप्पाला मी हे विचारलं नाही. तो मातीतलं खोबरं फुंकून फुंकून परत बांधत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही विजापूरला पोचलो. फाटकातून आत शिरतानाच शेवंताचा नवरा दिसला. त्याच्या अंगावर खांद्यापर्यंत माती होती. आप्पा खाली बसला.

शेवंता आदल्या सांजेला गेली होती. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "दिवसभर दाराकडं बगत हुती. गाडीचा आवाज आला की म्हनायची, आली का? मी म्हनायची, यील की. सांजच्याला इचारायची थांबली."

पोरगी खोपटात कोपऱ्यात होती. कापसाचा बोळा शेळीच्या दुधात भिजवून तिच्या तोंडात पिळत होते. निम्मं गालावरनं ओघळत होतं. मूठभर जीव. रडायलाही ताकद नव्हती, नुसतं तोंड उघडझाप करत होती. मी तिला उचललं आणि पदराखाली घेतलं. आधी तिला धरता येईना. मग तिनं धरलं. माझ्या डोळ्यांतून तेव्हा पाणी आलं, त्याआधी आलं नव्हतं.

तिथं राहिलो तेवढे दिवस मी दोघींना पाजत होते. एका अंगाला पारू, एका अंगाला ती. पासाची मुदत संपत आली. तिथला म्यानेजर म्हणाला, पोर इथलं आहे, इथंच राहील, आईविना पोरांचं बालगृह आहे. मी ते बालगृह बघून आले. एका बाईवर खोलीभर पोरं. मी विचारलं, हिला पाजणार कोण? म्यानेजर म्हणाला, व्यवस्था आहे. मी त्या खोलीतल्या सगळ्यांत लहान पोराच्या बरगड्या बघितल्या होत्या.

शेवंताच्या नवऱ्यानं मला बाजूला घेतलं. भला माणूस.

"घिऊन जा हिला," तो म्हणाला. "हितं ऱ्हायली तर हीबी जाईल. माझं काय व्हायचं ते हू दे."

"पासावर एकच मूल हाय, दाजी."

"ठावं हाय मला."

सकाळी भोंगा झाला, गिरणीची माणसं फाटकातून लोटली, त्यात आम्ही निघालो. दोघी पदराखाली. फाटकावरच्या शिपायानं पास बघितला, मला बघितलं. मी पाजते आहे हे त्याला दिसत होतं. पदर वर करून बघायची त्याला लाज वाटली असावी. त्यानं मान फिरवली. "जा," म्हणाला.

गाडीत आप्पा एकच वाक्य परत परत म्हणत होता. "होटगीला काय करायचं? होटगीला काय करायचं ग?"

मला काय वाटत होतं ते खरं सांगते. प्रत्येक स्टेशन आलं की वाटायचं, इथंच उतरावं, रानात पळून जावं. पण बिनपासाची रानात सापडले तर थेट तुरुंग, आणि पोरी दोन ठिकाणी. गाडी होटगीच्या जवळ आली तशी मी मनात म्हणत होते, गाडी थांबू नये. गाडी थांबली.

तेच झाड. तेच टेबल. तोच हवालदार. सोलापूरची मोठी गाडी पलीकडं वाफ सोडत उभी.

"पासवाले!"

आम्ही गेलो. आप्पा बसला, हात डोक्यावर. मी उभी राहिले. हवालदारानं पास उलगडला.

"पदर सार."

मी सारला. दोघी दिसल्या.

त्यानं पासाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "हे काय? पासावर एकच पोर हाय."

मी दोघींना छातीशी वर सरकवलं.

"कुणाचं उचललंस?"

"हिच्या मयत भनीची लेक हाय," आप्पा खालून म्हणाला. "सायेब, माफी करा. तिला दूध न्हवतं वो."

"कागद कुटाय तिचा?"

कागद नव्हता. तिला जन्मून किती दिवस झाले होते? नावसुद्धा ठेवलं नव्हतं अजून.

"एक हितं ठेव. चौकीत ऱ्हाईल. विजापूरला परत धाडू. सांग, पासावरचं पोर कंचं?"

मोठी कोण, धाकटी कोण हे आंधळ्याला कळलं असतं. पण मी सांगितलं की ही माझी, की तो दुसरी उचलणार. त्याला ते माझ्या तोंडून पाहिजे होतं. मी स्वतः बोट दाखवायचं, ही ठेवा, ही द्या. मग त्यानं काही केलं असं होत नाही. मीच केलं असं होतं.

"सांगत न्हाय," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बारीक होता, फाटका. पण बाहेर आला.

"काय म्हनलीस?"

"सांगत न्हाय."

आप्पाचे हात डोक्यावरनं खाली आले. "पोरी! येडी हाईस का?"

हवालदार उठला. "हे मोठं पासावरचं. बारकं आन हिकडं."

"बारकंबी पासावरचं हाय."

"मग मोठं आन."

"मोठंबी पासावरचं हाय."

"एकच लिवलंय, दिसत न्हाय?"

"मला वाचता येत न्हाय सायेब. तुमीच लिवलंय. ज्यांनी लिवलंय त्यांनी बघावं."

त्यानं काठी उचलली. ती माझ्या अंगावर आली नाही. आप्पाच्या नडगीवर बसली. आप्पा कळवळला. आणि मग माझा बाप, ज्यानं मला खांद्यावर घेऊन वाढवलं तो, माझ्या पायाला हात लावून म्हणाला, "दे ग एक. नंतर सोडवून आणू. दे."

हे मला सगळ्यांत जड गेलं. काठीपेक्षा जड.

"न्हाय आप्पा."

"तोंड उघड," हवालदार म्हणाला. त्याला आता काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून जे रोज करत होता त्याच्यावर आला. "झडती राहिलीय. आ कर."

मी दात आवळले. ओठ आवळले. त्यानं गाल धरला, दाबला. अंगठ्याचं नख माझ्या ओठात शिरलं. रक्त आलं, खारट लागलं. मी उघडलं नाही. दोघी पोरी केकाटायला लागल्या होत्या. दोन्ही हातांनी मी त्यांना इतकं आवळलं होतं की त्यांना दुखत असणार.

माणसं जमली. मागच्या खेपेला जमली होती तशीच, बघायला. ह्या वेळी कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूनं बोललंही नाही. तसं काही झालं नाही, खोटं कशाला सांगू? फक्त सगळे गप्प होते, आणि त्या गप्पपणात हवालदाराला दोन रडती पोरं एका बाईच्या हातातून ओढावी लागणार होती. त्यानं गर्दीकडं बघितलं. माझा गाल सोडला.

मोठ्या गाडीनं शिट्टी दिली.

त्यानं पास घेतला आणि आपल्या खिशात घातला. शिक्का मारला नाही.

"जा. बिनपासाची जा. सोलापूरला उतरलीस की कळंल तुला. आत सडवतील."

मी वळले. गाडीकडं चालत गेले. पाठीत काठी बसणार म्हणून सगळं अंग आखडलं होतं. बसली नाही. आप्पा लंगडत मागनं आला. डब्यात चढल्यावर मी ओकले.

सोलापुरात कळलंच. आमच्या आधी तार पोचली होती. फाटकातच धरलं. माझा नवरा धावत आला, त्याला काठीनं मागं सारलं. आप्पाची बाहेर जायची परवानगी काढून घेतली. मला गिरणीतनं काढलं आणि हपिसामागच्या कोठडीत घातलं, दोन्ही पोरींसकट. पाजणारी बाई, पोरी वेगळ्या काढल्या तर मरतील, मेल्या तर वर जबाब द्यावा लागेल. त्यांनी हिशेब केला, दया केली नाही.

म्यानेजरसाहेब रोज यायचा. चांगलं मराठी बोलायचा. खुर्ची टाकून बसायचा.

"तू अडाणी आहेस म्हणून माझ्या मनात राग नाही," तो म्हणाला. "ह्या माफीच्या कागदावर अंगठा दे. धाकटीला बालगृहात देऊ. लगेच घरी जाशील."

"न्हाय."

"तुला कुणी शिकवलं हे?"

मी त्याच्याकडं बघितलं. काय सांगू? एका हवालदाराचं बोट चोखणारी माझी लेक, तिनं शिकवलं? त्याला कळलं नसतं.

"कुनी न्हाय शिकवलं," मी म्हणाले.

"भीती वाटत नाही तुला?"

"वाटती की."

आणि वाटत होती. लोक सांगतात, एकदा उठून उभं राहिलं की भीती मरते. माझी मेली नाही. बूट वाजले की मी पोरींना भिंतीकडं सरकवायची. पण मला एक कळलं होतं. भिऊन मी हो म्हटलं, तेव्हाही त्यांनी मला छळलं. भिऊन मी नाही म्हटलं, तेव्हाही छळलं. भीती दोन्हीकडं तेवढीच. मग हो कशाला म्हणायचं?

शेवटी सोडलं त्यांनी. माफीशिवाय. माझ्यामुळं नव्हे, कोठडी दुसऱ्या कुणासाठी पाहिजे होती. घरी आले तेव्हा आप्पा दारात बसला होता, नडगीवर हळद बांधून. त्यानं धाकटीला मांडीवर घेतलं. तिच्या नाकावरनं बोट फिरवलं. तिचं नाक शेवंतासारखं होतं.

"मी तुला म्हनलं, एक दे," तो म्हणाला.

"व्हय."

"ह्या मोठ्या झाल्या की नोंदवायला बोलावत्यात बग. धाई बोटांचं ठसं घेत्यात. तवा काय करशील? समद्यांनी दिल्यात ग. मी दिल्यात. तुजे मी सोता न्हिऊन दिल्यात."

त्यात माझ्यावर राग नव्हता, मला समजावणंही नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी न्हेनार न्हाय," मी म्हणाले.

"ते येतील."

"यिऊ देत. मला बांदतील, मारतील, पुन्यांदा आत घालतील. माझा जीव जाईल तेवढा जाऊ दे. पन मी माझ्या हातानं त्यांचं बोट धरून त्या टेबलापुढं न्हेनार न्हाय. ह्यांनाबी तेच शिकवीन. हजेरीला हाळी आली तर जायाचं न्हाय. तोंड उघड म्हनलं तर उघडायचं न्हाय. कोन कुनाचं इचारलं तर सांगायचं न्हाय. न्यायचं असंल तर त्यांनी वढून न्यावं. आपल्या पायांनी आमी येनार न्हाय."